तिसरी रेघ

ता. १४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा पहिला डबा काल दुपारच्या बसने मिळाला. कंडक्टर म्हणाला की सबंध वाट मांडीवर घेऊन बसलो होतो आणि आतलं बाळ एकदाही रडलं नाही. मी त्याला सांगितलं की आत फिल्म आहे, उन्हात धरू नका. तो म्हणाला की तुम्ही बहीणभाऊ हसायला कधी शिकणार?

रोल आज धुतला. बाराच्या बारा चित्रं आली आहेत, वहीतल्या यादीशी ताडून पाहिली. रोज सकाळी आठला एक, एकाच जागेवरून. खाली दगडी बांध, मधे पडीक जमीन, मागे लांब टेकडी आणि टेकडीवर पाण्याची टाकी. बारा दिवसांत एक माणूस नाही, एक जनावर नाही. आईने एकेक बघितलं आणि विचारलं की हिला पैसे देऊन हेच काढायला पाठवलंय का. मी हो म्हणालो. ती म्हणाली की मग पासपोर्ट फोटोवाल्यांनी काय घोडं मारलं होतं.

छपाई अप्पांच्या पद्धतीने केली आहे. छापताना कागद धरणाऱ्या लाकडी चौकटीवर त्यांनी पेन्सिलने मारलेल्या रेघा अजून आहेत. तू लहानपणी विचारलं होतंस की क्षितिज तिसऱ्याच रेघेवर का, तेव्हा ते म्हणाले होते की आभाळ तेवढंच बरं. मी दुसरं काही शिकलो नाही, नववीनंतर शाळाही नाही, पण तेवढं चुकवत नाही. बाराही चित्रांचं क्षितिज तिसऱ्या रेघेवर आणून मगच कागदावर उजेड टाकला आहे.

तुझा फोन लागत नाही. त्या खोलगटात तो पोचत नाही हे मला कळतं, आईला कळत नाही. म्हणून डबा आला-गेला की पत्र घालत जा. आणि जिच्या घरी राहतेस ती म्हातारी कोण, जमीन इतकी काळी का, आणि तू जेवतेस का, हे तिन्ही लिही.

पत्राला उशीर केलास तरी लोभात उशीर नको.

तुझा,
धाकटा


ता. १८ सप्टेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

प्रिंट मिळाल्या. इतक्या एकसारख्या आहेत की पत्त्यांसारख्या पिसून पुन्हा लावायला घेतल्या तेव्हा पहिल्या दिवसाची कुठली आणि बाराव्याची कुठली हे मागचा आकडा पाहिल्याशिवाय मला सांगता येईना. अप्पा असते तर तुझ्या पाठीवर थाप मारून लगेच एखादी खोट काढली असती. माझी खोट अशी की अजून काळं हवं. इथे भर सकाळी जमीन उजेड गिळते. तू मात्र लग्नाचा अल्बम असल्यासारखी उजळून पाठवतोस.

आता तुझे प्रश्न. जेवते. म्हातारीला इथे सगळे मुकादमीण म्हणतात, कारण तिचा नवरा खाली खाणीत मुकादम होता. खाण बंद होऊन वीस वर्षं झाली, तोही म्हातारपणी अंथरुणात गेला. पण रोज घरी आल्यावर तो तिला सांगायचा की आज कुठवर खणलं. त्यामुळे आपल्या घराखाली काय काय आहे हे तिला पाठ आहे. ती त्यांना खालच्या खोल्या म्हणते. अंगणाखाली दोन, चुलीखाली एक, बांधाखाली सगळ्यात मोठी. मला म्हणाली की लोक वर माडी बांधतात, माझ्या माणसाने खाली बांधली.

इथे अकरा घरं उरली आहेत. सगळ्यांच्या खाटांना एका बाजूला विटा लावलेल्या. दारं आपोआप उघडतात, म्हणून कड्यांना दोऱ्या. कोणालाच त्याचं काही नाही. घर बसतं म्हणतात, जसं आपण चहाचा गाळ बसला म्हणतो. दुपारी अंगणात पडलं की खालून आवाज येतो. भांडी हलवल्यासारखा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आत जाऊन स्वयंपाकघर बघून आले. तिथे कोणी नव्हतं. आजी माझ्यासमोर अंगणातच बसली होती आणि माझ्याकडे बघून हसत होती.

कॅमेरा हलू नये म्हणून स्टँडचे तिन्ही पाय अंगणात सिमेंटने पक्के केलेत. कॅमेरा वर कायम चढवलेला, पाऊस आला की वर बादली पालथी. मला बघायचंय की जमिनीला एकटक बघत राहिलं तर ती काय करते. म्हणून चित्रात माणूस नको. आजीला ते पटत नाही. तिचा आयुष्यात एकदाही फोटो निघालेला नाही. मी तिला कबूल केलंय की शेवटच्या दिवशी काढू.

आईला सांग की गुरंसुद्धा त्या जमिनीवर जात नाहीत, म्हणून दिसत नाहीत. नको, हे सांगू नकोस.

माया आहेच, ती मोजायला बसू नकोस.

ताई


ता. २७ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुसरा रोल धुतला, छापला, सोबत पाठवतो आहे. सांगितलंस तसं काळं केलं आहे. पहिलाही पुन्हा काळा छापला. डार्करूममधून बाहेर आल्यावर आपली गल्ली मला इतकी उजळ वाटली की जरा वेळ पायरीवरच बसलो. त्या भांड्यांच्या आवाजाबद्दल तू लिहायला नको होतंस. आपल्या फोटोच्या दुकानात वर कोणी खुर्ची सरकवली की माझं लक्ष फरशीकडे जातं.

एक गंमत केली आहे. चोवीस प्रिंटची गड्डी सारखी करून टाकीच्या मधोमध सुई खुपसली. मग एकेक वेगळी करून उजेडाला धरली. चोवीसही टाक्यांना बरोबर एकाच जागी भोक. केसाचा फरक नाही. हे मी फुशारकीने लिहीत नाही, पण तू चांगलं म्हणालीस तर मला राग येणार नाही.

एक विचारायचं होतं. खालचा बांध दर चित्रात किंचित कमी दिसतो. पहिल्या दिवशी दगडांच्या तीन रांगा दिसतात, चोविसाव्याला दोन आणि थोडी. कोणी दगड चोरून नेतं का? मुकादमीण आजींना लक्ष ठेवायला सांग.

आईचा गुडघा बरा आहे. ती म्हणते की त्या बाईचा फोटो आजच काढून टाक, शेवटच्या दिवसासाठी काही ठेवू नये. तिचं आपलं काहीतरी असतं.

तुझ्या लोभावरच माझं चाललं आहे.

धाकटा


ता. ८ ऑक्टोबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

चांगलं. फार चांगलं. आता ऐक तुझ्या सुईने काय केलं ते.

मंगळवारी मोजणीवाला आला होता. अकराही घरांना कागद वाटले आणि म्हणाला की जमीन सरकते आहे, महिन्याच्या आत निघा. ती आधी सरकेल, मग बसेल, आणि बसेल तेव्हा विचारणार नाही. मग इथला शिंपी, फार तिखट माणूस, पुढे झाला आणि म्हणाला की साहेब वर्षातून एकदा येतात, आमच्या ताई रोज आठला हजर असतात, तर त्यांची भिंत बघून घ्या. सगळी वरात माझ्या खोलीत. तुझ्या चोवीस प्रिंट ओळीने लावलेल्या. शिंप्याने त्या उतरवून गड्डी केली, खिडकीत धरली, आणि भोकातून पलीकडचा उजेड सगळ्यांना पाळीपाळीने दाखवला. म्हणाला की चोवीस दिवसांत जमीन हलली असती तर हे भोक राहिलं असतं का? मोजणीवाल्यानेही भोकाला डोळा लावून पाहिलं. मलाही वाटलं की बरोबर आहे. मी तसं बोलूनही दाखवलं.

अकराच्या अकरा घरांनी कागद परत केले. आता कोणी जात नाही.

एकट्या आजी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की मला तर रोज चहा कपाच्या एकाच कडेला दिसतो. शिंप्याने त्यांना डोळे तपासायला सांगितलं.

आजी आता मला मदत करतात. लांब नळीचा तो रबरी फुगा आहे ना, दाबला की फोटो निघतो, तो रोज आठला त्याच दाबतात. मी शिकवलंय की दाबलं की लगेच रोल पुढच्या चित्रापर्यंत गुंडाळून ठेवायचा. त्या एकदाही विसरल्या नाहीत. मग बांधावर जाऊन बसतात आणि कान देऊन ऐकतात. काल विहिरीचं पाणी गेलं. सकाळी होतं, नऊच्या सुमाराला कोणीतरी लांब घोट घेतल्यासारखा आवाज झाला आणि संपलं. आजी म्हणाल्या की खालच्या खोल्या भरल्या असतील, त्यांनाही तहान असते.

तिसरा डबा सोबत. बांधाचे दगड कोणी नेत नाही, मी मोजले. चष्मा पूस.

माया जिथली तिथे आहे, जमिनीसारखी.

ताई


ता. १० ऑक्टोबर

ती. ताईस,
नमस्कार.

हे पत्र डब्यात घालत नाही, कंडक्टरच्या हातात देतो आहे आणि त्याला तुझ्या दारापर्यंत पळायला सांगितलं आहे. तो हसला नाही. वाचून झालं की खाली ठेवू नकोस, लगेच नीघ.

तिसऱ्या रोलची छपाई करताना शेवटच्या पाच चित्रांत अडचण आली. क्षितिज तिसऱ्या रेघेवर आणलं की कागदाच्या वरच्या कडेला कोरी पट्टी राहायला लागली. आभाळ पुरेना. दोन चित्रं जरा मोठी करून निभावून नेली. तिसऱ्याला मात्र हात थांबला, कारण जे चित्र एकाच जागेवरून एकाच कॅमेऱ्याने काढलं आहे त्यात आभाळ कमी कसं पडेल?

मग छत्तीसही निगेटिव्ह काढल्या आणि जशा आहेत तशा ओळीने उजेडाच्या काचेवर ठेवल्या. ताई, बांध सगळ्यांत जागच्या जागी आहे. तीन रांगा. दगड कोणी नेलेले नाहीत. टेकडी वर चढत गेली आहे. पहिल्यापासून छत्तिसाव्यापर्यंत, रोज थोडी, एकही दिवस न चुकता. टेकडी कशी चढेल? कॅमेरा पुढे कलतो आहे. तू त्याचे पाय अंगणात पक्के केलेस, म्हणजे अंगण कलतं आहे, बांधासकट, घरासकट, त्या मोठ्या खोलीच्या बाजूला. आणि शेवटच्या आठवड्यात रोजचं चढणं आधीपेक्षा दुप्पट आहे. मी पट्टीने दोनदा मोजलं आणि मग आईला मोजायला लावलं.

ते मी तुला दिसू दिलं नाही. रोज टेकडी खाली ओढून रेघेवर बसवत होतो. बांध कमी दिसत होता कारण मीच तो कागदाबाहेर ढकलत होतो. सुई एकाच जागी गेली कारण टाकी मीच एका जागी आणली होती. त्यात जमिनीचं काही नव्हतं, माझी चौकट होती. शिंप्याने लोकांना जे भोक दाखवलं ते मी पाडलेलं आहे.

सगळ्यांना सांग की छापणाऱ्याची चूक आहे. माझं नाव सांग, तुझं मधे घेऊ नकोस. माझ्यावर विश्वास नसेल तर एखादा मोठा ट्रे अंगणात ठेव आणि पाण्याने भर. पाणी मला ओळखत नाही, ते खोटं सांगणार नाही.

लोभ नंतर बघू. आधी तू नीघ.

धाकटा


ता. १३ ऑक्टोबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

ट्रे भरला. बांधाच्या कडेने पाणी वाहून गेलं तरी घराकडची बाजू बोटभर कोरी होती. मी तो तसाच ठेवून सगळ्यांना बोलावलं आणि तुझं पत्र मोठ्याने वाचलं. तुझ्या नावापाशी पत्र शिंप्याच्या हातात दिलं, पुढचं त्याने वाचलं. वाचून झाल्यावर तो म्हणाला की परवा फोटो खरा होता, आज पाणी खरं, उद्या काय आणणार? पण स्वतः घरी गेला आणि शिवणाचं मशीन आधी बाहेर काढलं. तो निघाला म्हणताच सगळे निघाले. दोन दिवसांत अकरा घरं रिकामी झाली. आम्ही सगळे टेकडीमागच्या बंद शाळेच्या वर्गांत आहोत.

तुझ्यावर रागावले होते. अर्ध्या वाटेत आठवलं की भिंत माझी होती आणि बरोबर आहे असं म्हणालेही मीच. तेव्हा राग दोघांत वाटून घेऊ.

आजी सगळ्यांत शेवटी निघाल्या. दारात उभ्या राहून त्यांनी मला दोनदा विचारलं की हाच शेवटचा दिवस का. मी म्हणाले की हो, हो, चला आता. घाईत कॅमेरा तिथेच राहिला, तो त्या सिमेंटच्या पायांवरून चटकन सुटेना. आत पाच चित्रं काढलेला रोल आहे. काल सबंध संध्याकाळ मी त्याच्या नावाने हळहळत होते. आजी समोर बसून केस विंचरत होत्या. त्या म्हणाल्या की जाऊ दे, तो काय पळून जातो.

इथे जमीन सपाट आहे. रात्री कोणालाच झोप लागली नाही. खाटांखाली विटा नाहीत, म्हणून सगळ्यांना आपण घसरतोय असं वाटत होतं.

मायेला तडा नाही, एवढं ध्यानात ठेव.

ताई


ता. १५ ऑक्टोबर

बारक्या,

काल सकाळी सव्वाआठला जमीन बसली. शाळेच्या फळ्यावरचा खडू पडला, बस, एवढाच आवाज आमच्यापर्यंत आला. मग आजींची जागा रिकामी दिसली. घडी घातलेलं अंथरूण आणि त्यावर फणी.

मी शेवटच्या दिवशी फोटो काढू म्हणाले होते. त्यांनी दोनदा विचारलं होतं. मला वाटलं की त्या घराबद्दल विचारताहेत.

घराची मागची भिंत आणि अंगणाची एक पट्टी कडेला उरली आहे. तिच्यावर कॅमेरा उभा आहे, बादली काढून नीट बाजूला ठेवलेली. पुढे बांध नाही. काही नाही. खाली कुठवर आहे ते दिसत नाही. त्या खोल्यांत उतरायला अजून कोणी तयार नाही. शिंप्याने माझ्या कमरेला दोर बांधून धरला आणि मी स्टँडचे पाय कापून कॅमेरा आणला. फुग्याची नळी कडेवरून खाली लोंबत होती. मी ती ओढली. ओढताना वाटलं की जड लागेल. अलगद वर आली. फुगा नव्हता.

रोल डब्यात आहे. माझ्या वहीत पाचच आहेत. तू बघ आणि मला सांग. माझ्याने धुववणार नाही.

ताई


ता. १९ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रोल धुतला. सात चित्रं आहेत. पाच तुझी, दोन वरची.

सहावं आजींचं आहे. बांधावर मधोमध बसल्या आहेत, फुगा मांडीवर, दोन्ही हातांत. केस चापून विंचरलेले. टेकडी इतकी वर गेली आहे की आभाळ नखाएवढं उरलं आहे. त्या कॅमेऱ्याकडे बघताहेत. आईला दाखवलं. ती म्हणाली की फोटो चांगला आला आहे, बाईला आवडला असता.

हे चित्र मी सरकवलेलं नाही. निगेटिव्हवर आहे तसंच, कडेपासून कडेपर्यंत छापलं आहे. चौकटीवर पहिल्यांदाच रेघेकडे न बघता कागद ठेवला.

सातव्याबद्दल लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. तू बघ आणि सांग म्हणालीस म्हणून लिहितो. रोल गुंडाळल्याशिवाय त्या कॅमेऱ्यात पुढचं चित्र निघत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणजे फोटो झाल्यावर त्या उठून कॅमेऱ्यापाशी आल्या, तू शिकवलंस तसा रोल पुढे केला आणि रोजच्यासारख्या पुन्हा बांधावर जाऊन बसल्या. कॅमेऱ्यापाशी होत्या तेव्हा त्या उरलेल्या पट्टीवर होत्या. तिथे थांबल्या असत्या तर. हे मी आईला सांगितलं नाही.

फुगा त्यांच्या हातात होता. जमीन गेली तेव्हा मूठ मिटली असणार.

सातव्या चित्रात बांध नाही. पुढे सगळं काळं आहे, आणि तू नेहमी मागायचीस त्याहून काळं, मला काही करावं लागलं नाही. कोणी नाही. त्याच्या मागे टेकडी आणि टाकी आहे. छापायला चौकटीत ठेवलं तेव्हा सवयीने माझा हात सरकवायला पुढे गेला. सरकवायची गरज नव्हती. पुढचा भार गेल्यावर ती पट्टी परत मागे येऊन सपाट झाली असावी. क्षितिज आपणहून तिसऱ्या रेघेवर होतं.

मी ती रेघ खोडरबरने पुसली आहे. पेन्सिलची गेली, पण अप्पांनी इतकी वर्षं दाबून मारलेली, तिची खाच लाकडात राहिली आहे. अंधारात बोटाला लागते.

बसच्या वेळेला रोज स्टँडवर जातो. कंडक्टर लांबूनच मान हलवतो. आता डबा पाठवू नकोस, तूच ये. लोभ असेल तर तो पत्रातून नको, हातात घेऊन ये.

तुझा,
धाकटा